बहीण असल्याचे नाकबूल

कर्जतच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान कसलं डोंबलाचं, पत्र्याची टपरीच. आत कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्सचं धूड आणि गिऱ्हाइकाला बसायला एक उंच बाकडं. वकील लोक कोंबडीच्या पायासारखं खरडून आणतात, मी ते सरळ करून देते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय. माणसं कोर्टात जाताना माझ्या दारावरून जातात आणि परत येतानाही दारावरूनच येतात. त्यामुळे आत जाताना कोण कसं होतं आणि बाहेर येताना त्याचं काय झालं, हे मला न विचारता कळतं.

अंबाबाई पहिल्यांदा आली ती बाकड्यावर न बसता खाली पायरीवर बसली.

"मावशी, वर बसा की."

"नको गं पोरी. बाकड्यावर बसली की पाय लोंबतात, आन पाय लोंबले की जीव पन लोंबतो. जमिनीला पाय लागलेला बरा."

सत्तरी ओलांडलेली, उन्हानं रापलेली बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग. आणि आवाज असा, की कोर्टातल्या पुकारा करणाऱ्या शिपायानं लाजावं. पिशवीतून तिनं आधी वालाच्या शेंगा काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि मगच विचारलं, "मधू वकील हितंच बसतात ना?"

माहेर तिचं पोशीरचं. दिली होती खालापूर तालुक्यात, चौक नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी एकच, श्रद्धा, ती नवऱ्यासकट आईजवळ राहायची. आणि पोशीरला धाकटा भाऊ, आबाजी. तिचं सगळं बोलणं फिरून फिरून त्या आबाजीवर यायचं. दाव्यात ज्याच्याविरुद्ध उभी, त्याचंच कौतुक. मी इतक्या वर्षांत कोर्टात येणारी माणसं पाहिली, पण प्रतिवादीला असं लाडानं नावाजणारी वादी पाहिली नव्हती.

आई गेली तेव्हा आबाजी रांगत होता आणि ही आठ-नऊ वर्षांची. बाप दिवसभर शेतावर. "आय मेली आन मी आय झाली," ती सांगायची. "मला कुनी इचारलंच नाय, व्हतेस का म्हनून." नेरळवरून बायका डोक्यावर भाजीपाला घेऊन माथेरानच्या हॉटेलांना चढून जायच्या. ही पोर त्यांच्यात. डोक्यावर टोपली, पाठीला फडक्यात बांधलेला भाऊ. हाताचा डागही त्याच्याचपायी. चुलीवरच्या उकळत्या पेजेचं टोप त्यानं ओढलं, हिनं हात मध्ये घातला. पोराच्या अंगावर एक थेंब उडाला नाही. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, आबा येनार असंल तर मी उभी राहते बोहल्यावर, नायतर नवरा परत धाडा. सासरच्यांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं. लग्नानंतर दोन वर्षं तो पोरगा बहिणीच्या सासरी राहिला, तिथल्या शाळेत गेला. सात वर्षांचा होईपर्यंत तो तिला आयच म्हणायचा. मग शाळेतली पोरं हसली, तेव्हापासून बाय म्हणायला लागला.

अशा बाईवर कोर्टाची पायरी चढायची वेळ का आली? जमिनीसाठी नाही, हे आधी सांगते. लोकांना वाटतं तसं.

आबाजीचा मुलगा जितेश प्लॉटिंगचा धंदा करतो. गळ्यात चेन, गाडीला काळ्या काचा, बोलताना 'आपलं काम झालं म्हणून समज' हे दर वाक्याला. पोशीरपासून कळंबपर्यंत आता जिकडेतिकडे शनिवार-रविवारचे बंगले. आजोबांच्या जमिनीला त्यानं मुंबईचं गिऱ्हाईक आणलं. सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचंच, म्हणून तलाठ्याकडे वारस लावायला गेला. तिथे बापाच्या सहीनं प्रतिज्ञापत्र दिलं, की मयतास आबाजी हा एकमेव वारस आहे, दुसरे कोणीही नाही.

ही बातमी तिला सांगितली गावातल्या लडकूनं. लडकू आबाजीच्या शेजारचा, तिच्याच वयाचा, एका हळदीच्या जेवणात भेटला. अंबाबाई तशीच उठून पोशीरला गेली. जितेश म्हणाला, "आत्या, कागदावर तसं टाकावं लागतं गं. तुला कशाला हेलपाट्याचा तरास?"

"तरास?" ती म्हणाली. "अरं मुडद्या, इचारलं असतंस तर अंगठा नाय, आख्खा हात दिला असता!"

आणि ते खरं होतं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतातच. भाऊ जेवायला बोलावतो, लुगडं नेसवतो, बहीण डोळे पुसत सही करते आणि म्हणते, माझं माहेर उघडं राहू दे म्हणजे झालं. बरोबर की चूक ते सोडा, पण निदान त्या कागदावर लिहावं तरी लागतं की ही बहीण आहे आणि हिनं सोडलं. इथे सोडायलाही तिला जन्माला घातली नव्हती.

"जमीन ऱ्हाऊ दे त्याला," ती मधू वकिलांना म्हणाली, "पन माझ्या बापाला मी झालीच नाय, असं कसं? तेवढं कोर्टानं त्याला इचारावं."

मधू वकील म्हणजे आमचे मधूकाका, रिकामे असले की माझ्या टपरीत माझ्याच खुर्चीत बसणारे. कर्जतचं जुनं घर, वडीलही इथेच वकील. माणूस सरळ, फीसाठी पिळणारा नाही. पण शब्दांचा भारी नाद. पक्षकार रडत असला तरी हे मध्येच थांबवून सांगतील की हा शब्द फारसीतून आला. त्यांनी तिला रीत समजावली. तुमचा दावा दाखल होणार, आबाजीला समन्स जाणार, मग तो कैफियत देणार.

"ती काय असती?"

झालं. काका खुर्चीत पुढे सरकले. "कैफ म्हणजे अरबीत 'कसं'. कैफियत म्हणजे कसं आहे, कसं घडलं, ते. पूर्वी सरकारातून विचारणा आली, की गावच्या वतनदारानं आपली कैफियत लिहून द्यायची. वतन कुणी दिलं, आजा कोण, पणजा कोण, भाऊबंद कोण, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं आणि कोण राहिलं. सगळी हकीकत. म्हणजे घराण्याची गोष्टच म्हणा ना. पुढे इंग्रजांची दिवाणी कोर्टं आली. कायदा त्यांचा आला, पण शब्द आपले जुनेच राहिले. प्रतिवादी जे लेखी म्हणणं देतो, त्याला आपण अजून कैफियतच म्हणतो."

मी झेरॉक्स काढत होते, मला अंबाबाईचा चेहरा दिसत होता. सुरकुत्या उलगडत गेल्या हो एकेक.

"म्हंजे आबानं लिवायचं, कसं झालं त्ये?"

"हो, तसंच."

"आमच्या आयपासनं?"

"लिहू शकतो की."

"मंग काय पायजे!" तिनं माझ्याकडे वळून टाळी मागितली. "त्याला सगळं ठाव हाय गं. लिवू दे, लिवू दे."

मधूकाकांनी शब्दाचा जन्म सांगितला, पण पुढे त्या शब्दाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सांगणार होते बहुतेक, पण आतून पुकारा झाला आणि ते काळा कोट सावरत पळाले. अंबाबाई मात्र तेवढ्यावर पोट भरून घरी गेली.

त्यानंतर ती दर तारखेला यायची. तिला यायची गरज नव्हती, काकांनी सांगितलं होतं. तरी चौकाहून एसटीनं यायची, पायरीवर बसायची आणि विचारायची, "आली का आबाची कैफेत?" येत नव्हती. समोरचे वकील मुदत मागायचे. एकदा ताप, एकदा कागद मिळाले नाहीत, एकदा नुसतंच हात वर करून 'पुढची द्या साहेब'. मी चिडायचे. ही चिडायची नाही.

"येळ लागनारच गं. लई हाय ना लिवायला. माथेरानचं लिवंल, पेजेचं लिवंल. एकदा वढ्याला पानी आलं तवा मी त्याला खांद्यावर घेऊन चिचंच्या झाडावर बसलेली, त्ये त्याला आठवतं का काय की. तू काय म्हनतेस, लिवंल का त्ये?"

मी काय म्हणणार? त्या समोरच्या वकिलांच्या कैफियती मी आधी शेकड्यांनी पाहिलेल्या. काय येणार ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मावशी, चहा घेता का?"

आणि एक दिवस कैफियत आली. मधूकाका दुसऱ्या कोर्टात अडकलेले. प्रत माझ्याकडे पाठवली, झेरॉक्स काढून ठेव म्हणून. अंबाबाईनं कागदाला आधी हात लावून नमस्कार केला, मग म्हणाली, "वाच."

"काका येऊ देत."

"तुला वाचता येतं ना? मंग वाच की."

मी वाचलं. 'वादीचे दाव्यातील कलम एकमधील संपूर्ण मजकूर खोटा, बनावट व प्रतिवादीस नाकबूल आहे. वादी ही प्रतिवादीचे मयत वडिलांची मुलगी व प्रतिवादीची सख्खी बहीण असल्याचे प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. सदरची बाब वादीने शाबित करावी. वादी ही त्रयस्थ इसम असून केवळ मिळकतीच्या हव्यासापोटी तिने हा खोटा दावा दाखल केला आहे.'

"तरयस्त म्हंजे?"

"परकं माणूस, मावशी."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "फुडं वाच. पेजेचं कुटं हाय बघ." मी पान उलटलं. कलम दोन नाकबूल, कलम तीन नाकबूल, चार, पाच. दावा खर्चासह रद्द व्हावा. खाली आबाजीची सही, शाळेतल्या मुलासारखी गोल गोल अक्षरं. त्या सहीवर तिनं बोट फिरवलं. "ह्ये अक्षर मी शिकिवलं नाय," ती म्हणाली, "पन शाळंत मीच घातला."

मधूकाका आले तेव्हा मी त्यांच्यावर उखडलेच. ते बिचारे खाली मान घालून म्हणाले, "अहो अंबाबाई, हे असंच लिहायचं असतं. मनाला लावून घेऊ नका. जे नाकारलं नाही ते कबूल धरतात, असा कायदा आहे. म्हणून वकील सगळंच नाकारून टाकतात. सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहिलं तरी नाकबूल म्हणतील. मीसुद्धा लिहितो. ती रीत आहे."

"मंग तुमी म्हनला व्हतात, कसं झालं त्ये लिवत्यात?"

काका चष्मा पुसत बसले. सांगा ना आता अरबी-फारसी! असा संताप आला मला. ज्या शब्दात एकेकाळी माणसं आपल्या पणजापर्यंतची नाती लिहून ठेवायची, त्याच शब्दाच्या मथळ्याखाली आज सख्खी बहीण खोडतात. आणि खोडणाऱ्याला काही वाटत नाही, कारण रीत आहे.

आबाजी बाहेरच उभा होता, पिंपळाखाली, जितेशसोबत. अंबाबाई तरातरा गेली. मी मागोमाग.

"आबा, ह्ये तू लिवलंस?"

आबाजी म्हणजे पांढऱ्या टोपीतला मऊ म्हातारा. कसनुसं हसला. "बाये, वकिलानं जितं बोट ठेवलं तितं सही केली. वाचलंय कुनी? त्ये काय खरं नसतंय गं. कोर्टातलं बोलनं वायलं आन घरातलं वायलं."

"मंग आत जाऊन सांग, की ही माझी बहीन हाय म्हनून. मी आत्ता दावा उचलते. तुझी जमीन तुला."

आबाजीनं जितेशकडे पाहिलं. जितेश म्हणाला, "आत्या, वकिलांनी तुमच्याशी बोलायची मनाई केलीय." आणि बापाला दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेला. खरी गंमत पुढेच. त्या दिवाळीत हा आबाजी भाऊबिजेला तिच्या घरी आला! कोर्टात नाकबूल करून, हातात खणाचा पुडा घेऊन, दर वर्षासारखा पाटावर येऊन बसला. त्याला खरोखरच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. श्रद्धा म्हणाली, आई, हाकलून दे. अंबाबाईनं निरांजन लावलं, ओवाळलं, करंजी भरवली. मग समोर बसून विचारलं, "बोल आता. मी कोन तुझी?"

"येडी का खुळी तू? बहीन हायस."

"मंग तितं?"

"कोर्टाचं कोर्टात, बाये."

मला हे सांगताना ती हसत होती. "आपल्या चुलीपाशी तरी बोलला. पिंजऱ्यात उभा ऱ्हायला की तितं पन बोलंल बघ. शपत घेऊन खोटं नाय बोलायचा त्यो. मी वाढिवलाय." मी तिला म्हणणार होते की मावशी, आशा लई वाईट. पण जीभ रेटली नाही.

आबाजीची उलटतपासणी होती त्या दिवशी मी दुकान बंद करून कोर्टात मागे जाऊन बसले. अंबाबाई वकिलांच्या मागच्या बाकावर, नवं लुगडं नेसून. भाऊ बोलणार म्हणून. मधूकाकांनी विचारलं, "वादी अंबाबाई ही तुमची सख्खी बहीण आहे, हे खरं आहे का?"

"मला सांगता येनार नाय."

"लहानपणी तुम्हांला हिनंच वाढवलं, हे खरं आहे का?"

"मला सांगता येनार नाय."

पोपट पढवलेला. तेव्हा जज्जसाहेबांनीच वर पाहिलं. तरुण पोरगा, विदर्भाकडचा होता. म्हणाले, "आजोबा, त्या बाई तिथे बसल्या आहेत. ओळखता त्यांना?"

"वळखतो की साहेब."

"कोण आहेत तुमच्या?"

आबाजीनं तिच्याकडे पाहिलं. ती बाकावरून अर्धी उठली होती. हात वर केलेला, तो डाग पडलेला हात. लहान मूल धडा विसरलं की आई ओठ हलवून दाखवते ना, तसे तिचे ओठ हलत होते. बहीन. बहीन.   मग त्याचे वकील खाकरले.

"मला सांगता येनार नाय," आबाजी म्हणाला.

अंबाबाई बाहेर आली. माझ्या दुकानात आली आणि पहिल्यांदाच बाकड्यावर बसली. पाय लोंबत होते. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

"बरूबर बोलला त्यो," ती म्हणाली. "बहीन कवा व्हते मी त्याची? आयच व्हते. मधू वकिलांनी इचारायला चुकलं."

आणि मग रडली. मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं थांबतील असं रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली?

पुढे लडकूनं साक्ष दिली. शपथ घेऊन सांगितलं, ही याची बहीण, आख्ख्या गावाला ठाऊक आहे, कुणालाही विचारा. त्याबद्दल जितेशनं त्याचा शेतावर जायचा रस्ता बंद केला तो आजवर बंदच आहे. निकाल अंबाबाईच्या बाजूनं लागला. निकालात पहिला मुद्दा असतो, त्याच्यापुढे उत्तर असतं. 'वादी ही प्रतिवादीची सख्खी बहीण आहे, हे वादी शाबित करते काय?' पुढे एकच शब्द: होय. मधूकाका पेढे घेऊन आले. अर्धा हिस्सा, म्हणजे रस्त्याकडेची जमीन धरून बऱ्यापैकी मोठी गोष्ट. ती म्हणाली, "त्या एका वळीची झेरॉक्स दे." मी दिली. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"जज्जसायबाला काय ठाव गं मी कोन? ना माझ्या गावचा, ना गोताचा. त्यो होय म्हनला. ज्याला ठाव हाय त्यो गप."

जितेशनं अपील केलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण एकदा चढला की उतरायलाही दुसरा जिना लागतो. वरच्या कोर्टात जे कागद गेले, त्यातही पहिलं कलम तेच. खालच्या कोर्टानं वादीला बहीण धरण्यात चूक केली आहे. दर भाऊबिजेला आबाजी येतच होता. पिंजऱ्यातल्या त्या दिवसानंतर अंबाबाईनं निरांजन लावणं सोडलं. त्याला जेवायला वाढायची, आणि समोर बसायची नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर तिनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेले. आवाज तेवढा शाबूत होता, बाकी सगळी आटलेली. तिनं श्रद्धाला जवळ बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं.

आमच्याकडे रीत आहे. बाई गेली की माहेरचं लुगडं येतं. भाऊ आणतो. ते अंगावर पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. कितीही भांडण असो, कोर्ट असो, कचेरी असो, त्या दिवशी माहेर येतंच. नाही आलं तर गाव तोंडात शेण घालतं.

"आबा येनार लुगडं घेऊन," अंबाबाई म्हणाली. "त्याला अडवू नका. पन घालायच्या आदी त्यानं मोठ्यानं सांगायचं, ही कोन माझी. चारचौघांत. सांगितलं तर घाला. नाय सांगितलं तर नको मला."

"मावशी, तेव्हा तुम्ही ऐकायला असणार का?"

"गाव असंल की! मी आता काय, त्ये ऐकायलाच थांबलेय." आणि माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "तुला सांगते, सांगंल त्यो. मेल्यावर मानसाला कोन नाकबूल करतं?"

बघा, तेव्हासुद्धा!

एका रविवारी पहाटे ती गेली. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झालेली, माणसं उभी. सगळे पोशीरच्या रस्त्याकडे बघत होते. काळ्या काचांची गाडी आली. आबाजी उतरला, चप्पल गाडीतच राहिली त्याची. हातात पिशवी, पिशवीत लुगडं. "बाये गं!" म्हणून त्यानं जो हंबरडा फोडला, तो खोटा नव्हता. हे मी माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगेन. तो तिच्या पायांवर पडला, डाग पडलेला हात छातीशी धरून हमसून हमसून रडला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तो लुगड्याची घडी मोडायला लागला, तेव्हा श्रद्धा पुढे झाली.

"मामा, थांबा. आईचा निरोप हाय. लुगडं घालायच्या आदी सगळ्यांदेखत सांगायचं, ही कोन तुमची."

 आबाजीनं तोंड उघडलं. मी तिथेच उभी होते, त्याच्यापासून दोन हातांवर. शब्द ओठांपर्यंत आलेला होता, मला दिसत होता. लडकू मागून म्हणाला, "बोल रं आबा. बोल एकदाचा."

जितेशनं वाकून बापाच्या कानात सांगितलं, पण रागात असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, अपील चालू हाय. एवढी माणसं साक्षीला हायत, कुनी मोबाईलवर घेतलं तर संपलं सगळं."

आबाजी थांबला. बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला, मग मुलाकडे, मग परत तिच्याकडे. डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनंच तोंड पुसलं. लहान पोराला काही समजेनासं झालं की ते दिसतं, तसा दिसत होता. म्हातारा झालेला, रांगताना आई गेलेला पोरगा. मग श्रद्धाला म्हणाला,

"वकिलाला इचारून सांगतो."

 जितेशनं बाजूला जाऊन फोन लावला. रविवार होता, वकिलानं उचलला नाही. परत लावला, तरी नाही. श्रद्धानं घरात जाऊन आईचं रोजचं लुगडं आणलं, कोर्टात नेसून यायची ते, आणि तिच्या अंगावर घातलं. माणसांनी तिरडी उचलली. आबाजी ओट्यावर बसून राहिला, मांडीवर नवं लुगडं. मेलेल्यासाठी आणलेलं कापड परत घरी नेत नाहीत, आणि ज्या बाईसाठी आणलं ती तर निघून चालली होती. ते कुठं ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं आणि त्याला सांगायला तिथे कुणीच थांबलं नाही.